घर सजवायच्या आधी फोटोंचा कोलाज करा, आणि त्यात कापसानं भरलेली खोली पण टाका

मागच्या उन्हाळ्यात, मिरगाच्या आधी समोरच्या खोलीला रंग द्यायचा होता म्हणून मी मोबाईलात सेव्ह करून ठेवलेले फोटो काढून बसले, तर ते निघाले १४० च्या वर. कुठं निळी भिंत, कुठं विटांची भिंत, कुठं वेलबुट्टीचा वॉलपेपर, कुठं झुंबर, आणि मला सगळंच आवडून राहिलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी असाच एक फोटो आवडला म्हणून आम्ही एका भिंतीला गडद मरून रंग दिला होता, फोटोत तो लय सुंदर दिसत होता, पण आमच्या खोलीत दुपारी चार वाजताच लाईट लावायची पाळी आली, कारण फोटोतल्या खोलीला दोन बाजूंनी मोठाल्या खिडक्या होत्या आणि आमच्या खोलीला एकच खिडकी, ती पण उत्तरेला. एका फोटोवरून ठरवलं की असं होते. म्हणून या वेळी मी फोटो एकापाशी एक लावून पाहिले, कोलाज केला, आणि त्यातून आपल्याला नेमकं काय पाहिजे हे इतकं साफ दिसलं की आता गावात कोणी घर बांधून राहिलं असलं, रंग देऊन राहिलं असलं, तर मी आधी हेच करायला सांगते.

आमचं घर दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात. समोर स्लॅबच्या दोन खोल्या, मागं जुनं मातीचं कवेलूचं (कौलारू) घर, मधात आंगण. यवतमाळ, अमरावती, वर्धा इकडं असं अर्धं नवं अर्धं जुनं घर पुष्कळांचं आहे, तर त्या हिशोबानं लिहिते.

सुरुवात स्वतःच्या घरापासून

बहुतेक लोक आवडलेल्या फोटोंपासून सुरुवात करतात. मी म्हणते आधी स्वतःच्या घराचे काढा. आणि आवरू नका, जसं आहे तसंच काढा. सकाळी ९-१० वाजता, ट्यूबलाईट बंद करून, कारण ट्यूबच्या उजेडात पांढरी भिंत निळसर येते आणि पिवळ्या बल्बात पिवळट, मग पुढं रंग ठरवताना सगळाच घोटाळा होतो. दारात उभं राहायचं, फोन छातीच्या उंचीवर सरळ धरायचा, झूम नाही, वाइड नाही, आणि चारही कोपऱ्यांचा एकेक फोटो घ्यायचा. मग खाली बसून एक, कारण आपण घरात अर्धा वेळ खालीच बसलेलो असतो, आणि खालून खोली वेगळीच दिसते.

रोज पाहून पाहून डोळ्याला सवय होऊन जाते, फोटोत मात्र पहिल्यांदा दिसते की एकाच भिंतीवर तीन कॅलेंडर आहेत (एक किराणावाल्याचं, एक कृषी केंद्राचं, एक बँकेचं), बोर्डापासून पंख्यापर्यंत वायर आडवी गेली आहे, आणि दाराची चौकट खोलीतली सगळ्यात छान वस्तू आहे पण तिच्या अर्ध्या भागावर पिशव्या टांगल्या आहेत. हे मला दहा वर्षांत दिसलं नव्हतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडं घर वर्षातून तीनदा बदलते. दसरा-दिवाळीपासून वेचणी सुरू झाली की समोरची खोली कापसाची, भाव येईस्तोवर कापूस तिथंच राहते, खिडकीच्या वरपर्यंत. मार्चपासून कूलर, खाटा, माठ. पावसाळ्यात बियाण्याच्या थैल्या, ओले रेनकोट आणि भिंतीला खालून चढणारी ओल. म्हणून फोटो तिन्ही वेळचे पाहिजेत. आता नवीन काढायला वर्षभर थांबायचं काम नाही, गॅलरीत जुने शोधा. मला आमच्या खोलीचा डिसेंबरातला फोटो सापडला तो पोरं कापसाच्या गंजीवर उड्या मारतानाचा होता, तोच घेतला. त्या फोटोत भिंत फक्त वरची तीन-चार फूट दिसते, बाकी सारा पांढरा कापूस. हा एक फोटो पुढं सगळ्यात जास्त कामात आला.

आवडलेले फोटो कुठून घ्यायचे

पिंटरेस्ट, इन्स्टाग्राम आहेतच. पण नुसते तिथले घेतले तर सगळ्यांची घरं सारखीच दिसतील, आणि तिथली पुष्कळ घरं थंड मुलखातली असतात, भिंतीएवढ्या काचा, जमिनीवर जाड गालिचा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, पश्चिमेला तेवढी काच लावली तर त्या खोलीत दुपारी बसता येणार नाही. म्हणून निम्मे फोटो तरी आपल्या मुलखातले घ्या. बहिणीच्या घरची ओसरी, मामाच्या गावचा वाडा, देवळाचा सभामंडप, एखाद्या शाळेचा व्हरांडा. दुसऱ्याच्या घराचा फोटो घ्यायचा तर विचारून घ्या आणि माणसं फोटोत येऊ देऊ नका.

मी सेवाग्रामचे फोटो घेतले होते, आश्रमात गेलो होतो तेव्हा बाहेरून ओसरीचे काढलेले. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम नाव नंतर पडलं, आणि त्या कुट्या माती, बांबू, कवेलू अशा जवळपासच्या सामानाच्याच आहेत. बापू कुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबहननं मातीतच झाडं आणि चरखा उठावात काढला आहे, वेगळा रंग नाही, फ्रेम नाही, भिंतीच्याच रंगात, नुसती सावली पडली की दिसते. घराची सजावट पाहायची असली तर मी हजार इन्स्टा फोटो सोडून ती भिंत दाखवीन.

आणि फोटो घराचाच पाहिजे असं पण नाही. माझ्या जमवलेल्यात एक करवतकाठी साडीच्या काठाचा होता, एक पोळ्याला सजवलेल्या बैलाच्या झुलीचा, एक भंडाऱ्याच्या पितळेच्या लोट्याचा, एक नुसत्या नांगरलेल्या काळ्या वावराचा सकाळच्या उन्हातला. आवडलं ना, मग टाका. एक आठवडाभर जमवा, विचार करत बसू नका, ३०-४० झाले की थांबा.

प्रत्येक फोटोच्या मागं एक शब्द

कोलाज फोनवर पण होतो. गूगल फोटोजमध्ये होतो, कॅनव्हात होतो, कोलाजची वेगळी अॅप पण पुष्कळ आहेत. पण माझा सल्ला, जमलं तर प्रिंट काढा. तालुक्याला फोटो स्टुडिओत ४ बाय ६ इंचाचे निघतात, नाहीतर झेरॉक्सवाल्याकडं एका ए-फोर कागदावर चार-चार लावून कलर प्रिंट काढा, ते पण चालते. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे असले तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दबून जातो आणि प्रिंट फुटते. कागदाचा फायदा हा की जमिनीवर पसरवता येते, इकडचा तिकडं करता येते, कापता येते, आणि घरातले सगळे जण भोवती बसून पाहू शकतात. कोलाज शब्द मुळात फ्रेंचमधल्या चिकटवण्याच्या शब्दावरूनच आला आहे, शहरातले इंटेरियरवाले याच्याच जवळच्या प्रकाराला मूड बोर्ड म्हणतात.

प्रत्येक प्रिंटच्या मागं पेननं एकच शब्द लिहा, हा फोटो काहून आवडला त्याचा. वस्तूचं नाव लिहायचं नाही. "सोफा" नाही, "झुंबर" नाही. "गार", "मोकळं", "उजेड", "मऊ", "जुनं", "साफ", असं. याला वेळ लागते पण हेच खरं काम आहे. मी झुंबराच्या फोटोमागं लिहायला गेले तर मला कळलं की मला झुंबर आवडलंच नव्हतं, त्याच्या खालचा पिवळा गोल उजेड आवडला होता, बाकी खोली अंधारी आणि मधात तेवढा उजेड. तेवढ्यासाठी झुंबर नाही लागत, बल्ब खाली घेतला आणि त्याला बांबूची टोपली उलटी लावली की होते.

आता ३०-४० मधून ९ ठेवायचे. कसे? सगळे उलटे करा, मागचे शब्द पाहा, जो शब्द सगळ्यात जास्त वेळा आला त्याचे फोटो एका ढिगात. ज्याच्या मागं तुम्हाला शब्दच सुचला नाही तो काढून टाका, तो नुसता भारी होता म्हणून सेव्ह झाला होता. उरलेल्यातून ९ निवडा, तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन, चार्ट पेपरवर ठेवा. चिकटवू नका अजून.

आता पाहायचं की सारखं काय आहे

इथं दुसऱ्या माणसाला बोलवा. ज्यानं हे फोटो आधी पाहिले नाहीत अशाला. आणि "कोणता आवडला" असं विचारू नका, "यात काय काय सारखं दिसते" असं विचारा.

माझ्याकडं आत्याबाई होत्या. चष्मा लावून त्यांनी नऊ फोटो दोन मिनिटं पाहिले आणि म्हणाल्या, "या साऱ्या फोटोत भितीले काईच नाई व. मंग तू इतक्या दिवसाची ते मोठी फ्रेम काहून मांगून राहिली?"

खरंच नव्हतं. नऊच्या नऊ फोटोंत भिंत रिकामी होती. सेवाग्रामची, वाड्याची, इन्स्टावरच्या त्या कोण्या दूरच्या घराची, सगळी रिकामी, आणि उजेड बाजूनं येऊन तिच्यावर तिरपा पडलेला. मी सहा महिने वॉलपेपर आणि फ्रेमा पाहून राहिली होती आणि मला पाहिजे होती मोकळी भिंत. हे मला १४० फोटो एकेक करून पाहताना कधीच दिसलं नसतं, नऊ एका जागी ठेवल्यावर आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसलं.

तुमच्यात दुसरं काही निघेल. कोणाच्या सगळ्या फोटोत झाडं असतात, कोणाच्या सगळ्या फोटोत वस्तू जमिनीलगत असतात, कोणाच्या लाकूड. माझ्या नणंदेनं केला तर तिच्या नऊपैकी सातात काही ना काही टांगलेलं होतं, बंगई (झोपाळा), शिंकं, टोपल्या, दिवे. तिनं मग फर्निचरचा विचार सोडून बंगईच घेतली, आणि स्लॅबला हूक मजबूत आहे का ते मिस्तरीकडून आधी पाहून घेतलं, ते जरूर पाहा.

काळा-पांढरा करून पाहा

ही युक्ती लय कामाची. फोनवर कोलाज एडिटमध्ये घ्या आणि सॅच्युरेशन शून्यावर आणा, म्हणजे सगळा रंग निघून जाईल. आता फक्त गडद आणि फिकं उरते. माझ्या आवडत्या नऊमध्ये जमीन सगळ्यात गडद, भिंत सगळ्यात फिकी, आणि मधात एखादीच काळी रेघ, दाराची नाहीतर खिडकीची. मग स्वतःच्या खोलीचा फोटो तसाच काळा-पांढरा केला तर सगळंच मधलं राखाडी, भिंत पण तशीच, पडदे पण तसेच, फरशी पण तशीच. म्हणून ती खोली मला नेहमी मळकट वाटायची, रोज झाडून पुसून सुद्धा. दोष रंगाचा नव्हता, गडद-फिक्याचा होता. हे कळलं की अर्धं काम झालं, कारण मग "कोणता रंग" याच्या आधी "किती गडद" हे ठरते आणि चूक होत नाही.

रंग मोजायचे कसे

एका पोस्टकार्डाएवढ्या कागदाला मधात एक इंचाचं भोक पाडा आणि कोलाजवर फिरवा. भोकातून जो रंग दिसते तो लिहीत जा. असं केलं की कळते आपल्याला वाटते तितके रंग नसतात, चार-पाचच असतात. इंटेरियरवाले एक हिशोब धरतात ६०-३०-१० चा: भिंत आणि फरशीचा मुख्य रंग ६०, पडदे-चादरी-कपाट ३०, आणि उठून दिसणाऱ्या बारक्या गोष्टी १०. हा काही नियम नाही पण सुरुवातीला बरा पडते. माझा निघाला असा: चुन्याचा पांढरा ६०, मातीचा-लाकडाचा तपकिरी ३०, आणि १० मध्ये पितळेचा पिवळा आणि जुन्या दाराचा हिरवा.

फोनवरचा रंग दुकानात तसाच मिळेल असं धरू नका. प्रत्येक फोनची स्क्रीन वेगळी, प्रिंटची शाई वेगळी. दुकानातून शेड कार्ड घरी आणा, उभं धरून भिंतीला टेकवून पाहा, आणि शेवटचे दोन रंग राहिले की लहान डबा आणून भिंतीवर २ बाय २ फुटाचा पट्टा मारा. वाळू द्या. सकाळी पाहा, दुपारी पाहा, रात्री लाईट लावून पाहा, आणि तिन्ही वेळचे फोटो घेऊन कोलाजच्या बाजूला ठेवा. आम्ही मरूनच्या वेळेस हे केलं नव्हतं.

मागच्या मातीच्या घराला प्लास्टिक पेंट देऊ नका हे मात्र हात जोडून सांगते. मातीची भिंत पावसाळ्यात ओल ओढते, नंतर ती ओल बाहेर निघायला पाहिजे, वरून प्लास्टिकचा थर असला की ती आतच अडकते आणि पापुद्रे निघतात, मातीसकट निघतात. तिथं चुनाच चांगला, थोडी नीळ आणि डिंक टाकून, नाहीतर पांढऱ्या मातीचा पोतारा.

दुसरा कोलाज, मधात आपली खोली

पहिला कोलाज फक्त आवडीचा. आता दुसरा करा, यात मधात आपल्या खोलीचा मोठा प्रिंट, ए-फोरवर, आणि भोवती ते नऊ. एकेक आवडती गोष्ट खोलीवर ठेवून विचारायचं, ही इथं राहील का? उन्हाळ्यात राहील का, पावसाळ्यात राहील का, कापसात राहील का?

इथं दोन गोष्टी सांभाळा. एक, नेटवरच्या खोल्या वाइड लेन्सनं काढलेल्या असतात, आहेत त्याच्यापेक्षा मोठ्या दिसतात. मापासाठी फोटोतलं दार पाहा. दार साधारण पावणेसात-सात फुटाचं असते, त्यावरून छत किती उंच, पलंग केवढा याचा अंदाज येते. दोन, स्वतःच्या खोलीचं माप टेपनं घ्या आणि प्रिंटवरच पेननं लिहा. घरकुलाचं घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट, त्यात स्वयंपाकाची जागा पण आली, तिथं एक फूट चुकला तर दार उघडत नाही.

आता कापूस. मी डिसेंबरचा तो फोटो मधात ठेवला आणि नऊमधल्या गोष्टी एकेक करून लावून पाहिल्या. जमिनीलगतची बैठक, नाही, ती तीन महिने कुठं ठेवणार. उघड्या फळ्यांवर मांडलेली बारकी भांडी, नाही, कापसाची रुई आणि धूळ बसून रोज पुसत बसावं लागेल. लांब पडदे, नाही. कापसाजवळ समई-दिवा तर अजिबातच नाही, आग कशी धरते ते सगळ्यांनी पाहिलं आहे, उदबत्ती सुद्धा त्या खोलीत नको. राहिलं काय? भिंतीचा वरचा भाग, छत, दार, खिडकी. म्हणजे त्या खोलीत जी काही सजावट करायची ती कमरेच्या वर, आणि भिंतीत बसलेली नाहीतर खुंटीवरून काढून ठेवता येईल अशी.

मग आम्ही केलं ते असं. भिंती पांढऱ्या. खालून साडेतीन फुटांपर्यंत गेरूच्या रंगाचा ऑईलपेंटचा पट्टा, कारण थैल्या आणि कापसाचे गाठोडे तिथंच घासतात, पावसाचे शिंतोडे तिथंच उडतात, आणि ऑईलपेंट ओल्या फडक्यानं पुसता येते. पुष्कळ जुन्या घरांना हा पट्टा असायचा, मला तो आधी जुनाट वाटायचा, काळ्या-पांढऱ्या कोलाजमध्ये पाहिला तेव्हा कळलं की आवडत्या फोटोंतली गडद जमीन आणि फिकी भिंत हेच काम तो पट्टा करते. दाराची चौकट घासून जुना हिरवा रंग परत दिला. कॅलेंडर एकच ठेवलं, ते पण दाराच्या मागं. जुन्या घरात देवळ्या (भिंतीतले कोनाडे) होत्याच, तशी एक देवळी इथं पण मिस्तरीकडून काढून घेतली, डोळ्याच्या उंचीवर, त्यात आत्याबाईंचा पितळेचा लोटा. खिडकीला पडद्याच्या जागी बुरडाकडून बांबूचा तट्टा करून घेतला, उन्हाळ्यात पाणी मारलं की हवा गार येते आणि कापूस भरायच्या वेळेस गुंडाळून वर बांधता येते. त्यातून दुपारचा उजेड पट्ट्यापट्ट्यानं आत येते आणि तिरपा भिंतीवर पडते. भिंतीवर दुसरं काही नाही.

आणि कोलाज एकदाच करून ठेवून द्यायचा नाही. चिकटवताना गोंद लावू नका, कोपऱ्यांना सेलोटेप लावा म्हणजे फोटो बदलता येतात. दर सहा महिन्यांनी पाहते, जो फोटो आता नकोसा वाटते तो काढते, नवीन एखादा लावते. नऊपैकी पाच तरी वर्षभर टिकले तर ती तुमची खरी आवड आहे असं धरा आणि मोठा खर्च, म्हणजे फरशी, पलंग, कपाट, त्या पाचाच्या हिशोबानंच करा. बाकीच्या चारासाठी उशीचे अभ्रे आणि चादरी आहेत, त्या बदलता येतात.

माझा कोलाज कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. तालुक्याला काही घ्यायला जाते तेव्हा त्याचा फोटो फोनमध्ये असते, आणि सोबत तो डिसेंबरचा कापसाचा पण. यंदा पितृपक्ष झाल्यावर मागच्या घराचं पोताऱ्याचं काम काढायचं आहे, त्याच्यासाठी वेगळा कोलाज सुरू केला आहे, आतापर्यंत सव्वीस फोटो झाले आहेत आणि त्यातल्या अकराच्या मागं "गार" लिहिलं आहे.